खोल घातलेलं नाव

संयोगिताची खात्री पटली होती. शंभर टक्के नाही, एकशे दहा टक्के. सायकलचा क्रँक आपोआप तुटत नसतो. तो कुणीतरी तोडतं. आणि ते कुणीतरी म्हणजे त्रिशला.

क्रँक म्हणजे पायडल ज्याला बसवलेलं असतं तो दांडा. संयोगिताचा उजवा दांडा रविवारी पन्हाळ्याच्या चढावर, भर निवड चाचणीत तुटला. वाघबीळपासून सुरू करून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत एकेकीनं जायचं आणि जिची वेळ सगळ्यात कमी ती राज्य स्पर्धेला जाणार. जागा एकच. दुसऱ्या वळणावर संयोगिता सीटवरून उठून, सगळं वजन पायावर टाकून, अशी काय दाबत होती की प्रशिक्षक धैर्यशील सरांच्या घड्याळाला घाम फुटावा. आणि कट्! पाय खाली गेला तो गेलाच. ती रस्त्यावर पडली, कोपर सोललं, आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबून आधी देवाचं आणि मग तिच्या खानदानाचं नाव घेतलं.

घरी आल्यावर तिनं दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि दिव्याखाली नीट बघितले. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळगुळीत होता, काळपट. उरलेला अर्धा खरबरीत आणि खडीसाखरेसारखा चमकणारा. आता सांगा, एकाच तोंडाचे दोन भाग दोन तऱ्हेचे कसे? सरळ आहे. अर्धा ब्लेडनं कापला, अर्धा तसाच ठेवला. म्हणजे सपाटीला काही कळायचं नाही आणि चढावर जोर आला की घात. वर दांड्यावर तिचं नाव होतं, ते मधोमध तुटलेलं. ‘संयो’ एका तुकड्यावर, ‘गिता’ दुसऱ्यावर. नेमकं नावावरच! याला काय योगायोग म्हणायचं?

त्यात चाचणीच्या आधी चार दिवस सायकल होती कुठं? त्रिशलाच्या घरी, राजारामपुरीत. संयोगिताच्या घरचे सगळे कोडोलीला मामाच्या लग्नाला गेले होते, घर बंद होतं, आणि तिची पहिली सायकल असंच घर बंद असताना जिन्याखालून चोरीला गेली होती. म्हणून ही मैत्रिणीकडे ठेवली. मैत्रिणीकडे! आणि त्रिशलाच्या घराखाली तिच्या भावाचं, वृषभदादाचं, ग्रिलचं वर्कशॉप. तिथं ब्लेडांना काय तोटा?

सगळ्यात वाईट म्हणजे संयोगिता पडल्यावर त्रिशला स्वतः सरांना म्हणाली होती, “सर, तिची परत घ्या चाचणी. माझीबी घ्या. असं जिंकून काय उपयोग?” तिची वेळ सगळ्यात कमी आली होती, जागा तिच्या हातात होती, तरी असं म्हणाली. त्या वेळी संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तेच आठवून तिच्या डोक्यात दुसरं चक्र फिरायला लागलं. एवढा मोठेपणा कुणाला सुचतो? ज्याचं मन खातंय त्याला.

मंगळवारी विद्यापीठाच्या रस्त्यावर सरावाला सगळ्या जमल्या तेव्हा नवा क्रँक बसवलेल्या सायकलवरून उतरून तिनं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

“त्रिशला, रविवारच्या आधी माझी सायकल कुणाच्या घरी होती?”

“माझ्या. तूच ठेवून गेलतीस की.”

“आणि खाली कुणाचं वर्कशॉप हाय?”

“दादाचं. का गं?”

“मग ब्लेड त्याचं घेतलंस का नवीन आणलंस?”

त्रिशलाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. “खुळी झालीस काय तू? मी तुझा क्रँक कापला म्हणतीस?”

“अर्धा. उरलेला माझ्याकडनं तोडून घेतलास.”

बाकीच्या सहाजणी आपापल्या बुटांच्या लेसकडे बघायला लागल्या. त्रिशला काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. सायकल वळवली आणि गेली. हेही संयोगितानं टिपून ठेवलं. कोल्हापुरात खोटा आळ आला आणि माणूस गप्प बसला, असं कधी झालंय? निर्दोष असती तर चौकापर्यंत आवाज गेला असता.

धैर्यशील सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, “तोंडी आरोप चालत न्हाय. शनिवारपर्यंत पुरावा दे, लेखी. खरं निघालं तर त्रिशला टीमच्या बाहेर. खोटं निघालं तर सगळ्यांसमोर माफी मागायची, आणि ती पुटपुटून न्हाय. रविवारी तुम्हा दोघींची परत चाचणी.”

“पुरावा माझ्या दप्तरात हाय सर,” संयोगिता म्हणाली.

तिचे पप्पा, उदयसिंह, शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला होते. वितळलेल्या लोखंडाजवळ पंचवीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, उन्हात धरले, अंगठा फिरवला.

“ब्लेडनं कापलेलं असं दिसत न्हाय.”

“म्हणजे तुम्हीबी तिच्याच बाजूनं?”

“मी लोखंडाच्या बाजूनं. आणि हे तर लोखंडबी न्हाय, ॲल्युमिनियम हाय. शनिवारी आमचे नमुने टेस्टिंगला टाकायला जायचं हाय, चल माझ्यासंगं. तिथल्या मॅडमना दाखव. त्या म्हणतील ते खरं.”

लॅबच्या दारावरची पाटी वाचली आणि संयोगिता पायरीवरच थांबली. भाग्यश्री पाटील. त्रिशलाचं आडनाव पाटील.

“पप्पा, ह्यापण पाटील.”

“मग?”

“तिच्या नात्यातल्या निघाल्या तर?”

“आपण कोण हाय?”

“पाटील.”

“मग गप आत चल.”

आत कपाटाएवढं एक यंत्र होतं. दोन जबड्यांत धातूची कांडी धरायची आणि यंत्र ती तुटेपर्यंत ओढत राहायचं. दिवसभर हेच काम. भाग्यश्री मॅडमच्या चष्म्याला दोरी होती आणि बोटांना काळं ग्रीस. त्यांनी आधी पप्पांचे नमुने घेतले. पोलादाची कांडी ओढली तर ती आधी लांबली, मग मध्ये कमरेसारखी बारीक झाली, आणि मग धाडकन तुटली. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कांडी ओढली, तर काही नाही, काही नाही, आणि एकदम फट! संयोगिता दचकून पप्पांच्या दंडाला चिकटली.

“बघितलंस?” मॅडम म्हणाल्या. “पोलाद आधी सांगतं, मी चाललो म्हणून. बीड सांगत नाही. तुझं काय आणलंयस?”

संयोगितानं तुकडे दिले, आणि तुकड्यांबरोबर सगळी हकिगतही दिली, लग्न, वर्कशॉप, ब्लेड, मोठेपणा, एका दमात. मॅडम ऐकत होत्या की नाही देव जाणे. त्यांनी तुकडा मोठ्या भिंगाखाली धरला आणि हळूहळू फिरवत राहिल्या. संयोगिता त्यांच्या भुवया बघत होती. वर गेल्या. खाली आल्या. आता ह्या काय लपवणार?

“हा थकून तुटलाय,” मॅडम म्हणाल्या.

“धातू थकतो?”

“थकतो म्हणजे! एकदाच जोर लावून तू हा कधीच मोडू शकली नसतीस, तुझ्यासारख्या चारजणी उभ्या राहिल्या तरी. पण थोडा थोडा जोर हजारो वेळा पडला की एखाद्या जागी केसाएवढी भेग पडते. प्रत्येक दाबाला ती जरा पुढं सरकते. इकडं ये. काय दिसतंय?”

गुळगुळीत भागावर बारीक, वाकड्या रेघा होत्या. एकीबाहेर एक.

“उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरतं तेव्हा काठाला कशा रेघा राहतात? तशा. आज इथवर, उद्या तिथवर. ब्लेडच्या खुणा सरळ असतात, शेजारी शेजारी. ह्या गोल आहेत. आणि काळपट का? तर भेगेची दोन तोंडं एकमेकांवर घासली, आत घाण गेली. म्हणजे जुनी. हा चमकतोय तेवढा भाग रविवारचा. राहिलेल्या तेवढ्यावर तुझा सगळा भार आला आणि तो सुटला.”

“किती जुनी?”

“नेमकं नाही सांगता यायचं. पण महिन्यांचं काम आहे. चार दिवसांचं नाही.”

कुणी दुसरी असती तर इथं शरमली असती. संयोगिताचं डोकं मात्र तसंच पुढं धावलं. महिने! म्हणजे दिवाळी! दिवाळीत त्रिशला फराळाला आली होती आणि सायकल बाहेर व्हरांड्यातच उभी होती! तिनं तोंड उघडलं, पण मॅडमनी तिची मान धरून परत भिंगाकडे वळवली.

“आधी रेघा कुठून निघतात ते बघ. मग चोर पकड.”

सगळ्या रेघा एकाच ठिपक्याभोवती फिरत होत्या. तो ठिपका दांड्याच्या वरच्या अंगाला होता. तिथं ‘यो’च्या मात्रेचा शेवटचा घाव होता, छिन्नीचा, चांगला खोल.

“हे नाव कुणी घातलं?” मॅडमनी विचारलं.

संयोगितानं अंगठ्यानं ‘यो’ झाकला. पप्पांनी तिच्याकडे बघितलं. कोल्हापुरात खोटा आळ आला तर माणूस ओरडतो. खरा आला तर कसा गप्प होतो, ते तिला आता कळलं.

नाव तिनंच घातलं होतं. त्यांच्या घरात नाव नसलेलं भांडं सापडायचं नाही. तांब्यावर नाव, कुकरच्या झाकणावर नाव, डब्यावर नाव आणि तारीख. गणपती झाल्यावर मम्मी महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आहेराच्या डब्यावर नाव घालायला निघाली होती, आणि संयोगिता नवी सायकल ढकलत तिच्या मागं गेली. परत चोरीला गेली तर ओळख पटावी म्हणून. दुकानातल्या म्हातारबांनी मशीन उचललं तर ही म्हणाली, मशीनचं नको, चोर घासून काढेल, छिन्नीनं घाला. ते म्हणाले, पोरी, हे भांडं न्हवं. ही म्हणाली, भांड्याला चालतं ते ह्याला का चालत न्हाय? त्यांनी हातोडीनं टकटक करून एक अक्षर घातलं. ही म्हणाली, आजोबा, आणखी खोल.

“भांड्याला चालतं,” मॅडम म्हणाल्या, “कारण भांड्यावर उभं राहून कुणी पन्हाळा चढत नाही. जोर सगळ्या दांड्यातून सारखा वाहत असतो. मध्ये खाच आली की तो तिथं दाटतो, दुप्पट-तिप्पट होतो. पोलाद असतं तर कदाचित सोसलं असतं. भार एका मर्यादेच्या आत असला की पोलाद सोडून देतं. ॲल्युमिनियम काही सोडत नाही. बारीकसारीक दाबसुद्धा धरून ठेवतं.”

संयोगिताचे कान तापले. मंगळवारच्या सहाजणी आणि त्यांच्या लेस डोळ्यांपुढं आल्या. आणि त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि तिचे तापलेले कान एका क्षणात गार पडले.

“मॅडम, त्रिशलानंबी घातलंय.”

“काय?”

“नाव. माझं बघून. पुढच्याच आठवड्यात. त्याच आजोबांकडनं, त्याच जागी. मीच न्हेलतो तिला. मीच म्हटलं खोल घाला.”

मॅडमचा हात थांबला. “ती सायकल अजून चालवते?”

“उद्या सकाळी. पन्हाळा. आणि ती माझ्यापेक्षा जोरात दाबती.”

तिनं तिथूनच फोन लावला. त्रिशलानं तिचा नंबर मंगळवारीच ब्लॉक केला होता. सरांना लावला. सर म्हणाले, “आज पुरावा देणार होतीस ना? आता हे काय नवीन? उद्या सातला वाघबीळला ये आणि तिथं काय ते बोल.” त्रिशलाच्या घरी जाऊनही उपयोग नव्हता, नुसत्या तोंडी सांगण्यावर ती आता विश्वास ठेवणार नव्हती.

मॅडमनी भेग गेलेल्या एका कांडीवर तेल लावून तिला भेग शोधायची एक युक्ती दाखवली. जुनी, यंत्राशिवायची. आणि जाताना तिच्या खिशात दोन खडू टाकले.

रविवारी सकाळी वाघबीळला चांगलं दाट धुकं होतं. सहाच्या सहाजणी बघायला आल्या होत्या. असल्या चाचणीला कोण घरी झोपतंय? त्रिशला सायकलवर बसून पाय गरम करत होती. संयोगिता सरळ तिच्या चाकापुढं जाऊन उभी राहिली.

“उतर. ही चालवू नको. क्रँकला भेग असणार हाय. नावाच्या खाली.”

त्रिशला हसली, पण त्या हसण्यात गोडी नव्हती. “वा गं वा! मंगळवारी मी तुझा कापला, आणि आज माझा आपोआप फुटला काय?”

“कुणी कापला न्हवता. मी चुकलो. ते सांगतोच, पण आधी उतर.”

“का? मी न्हाय चढलो तर जागा कुणाला, सांग की. इतका मोठेपणा तुला एका रात्रीत सुचला?”

हे वाक्य तिनं आठवडाभर स्वतःच्याच डोक्यात घोळवलं होतं. आज ते दुसऱ्या टोकानं आलं तेव्हा त्याची धार कळली. धैर्यशील सरांनी वाकून दांडा बघितला, नख फिरवलं.

“दिसत तर काय न्हाय, संयोगिता.”

“डोळ्यांना दिसतच न्हाय सर. दहा मिनिटं द्या फक्त.”

ती चहाच्या गाड्याकडे पळाली. तिथं उसाचा एक ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्या लावलेला, आणि मालक बशीतून चहा ओढत होता.

“पावणं, वाईच डिझेल देता काय? झाकणभर.”

“झाकणभर डिझेलवर कुठवर जाणार हाईस, पन्हाळ्याला?”

“कुणाला तरी जाऊ द्यायचं न्हाय म्हणून पायजे.”

त्याला काहीच कळलं नाही, पण बाटलीचं झाकण भरून मिळालं. संयोगितानं दांडा खिशातल्या फडक्यानं पुसला, म्हणजे त्रिशलानं पुसू दिला एवढंच, आणि अक्षरांवर डिझेल सोडलं. पातळ तेल भेगेत शिरतं. थोडं थांबायचं. वरचं सगळं कोरडं पुसायचं. मग खडूची पूड चोपडायची. भेग नसेल तर पांढरं ते पांढरं राहतं. असेल तर आत शिरलेलं तेल वर येतं.

दांडा पांढरा झाला. सगळ्यांचं वर्तुळ वाकून बघत होतं. एक मिनिट गेलं. काही नाही.

“झालं समाधान?” त्रिशला म्हणाली.

आणि ‘श’च्या खालून एक रेघ उमटायला लागली. आधी पेन्सिलीनं ओढल्यासारखी फिकट. मग ओली, करडी. दांड्याच्या कडेपर्यंत गेली आणि कडेवरून खाली वळली.

त्रिशला गुडघ्यावर बसली, अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेली. मग मान वर करून म्हणाली, “पूड लावताना नख ओढलंस तू.”

“न्हाय ओढलं.”

“मग परत. आणि तू हात लावायचा न्हाय. मी करतो.”

तिनं स्वतःच्या रुमालानं सगळं पुसलं. स्वतःच्या हातानं डिझेल लावलं. आणि एक गोष्ट केली जी संयोगिताला सुचली नव्हती: डाव्या दांड्यालाही लावलं. डावीकडे नाव नव्हतं. दोन्ही पुसले, दोन्ही पांढरे केले, आणि दोन दांड्यांच्या मध्ये मान फिरवत बसली. डावा पांढरा राहिला. उजव्यावर रेघ आली. त्याच अक्षराखाली, त्याच वळणानं.

त्रिशला रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसली. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते, खडूनं पांढरे. “उतारावर मी पंचेचाळीसनं येतो,” ती म्हणाली. कुणालाच नाही, असंच.

संयोगितानं पुटपुटायचं नाही हे लक्षात ठेवलं. “ऐका सगळ्यांनी,” ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की ट्रॅक्टरवालाही बशी घेऊन पुढं आला. “मंगळवारी मी त्रिशलाला जे बोललो ते खोटं होतं. तिनं काय केलं न्हाय. माझा क्रँक मी मोडला, नाव घालून. आणि तिचाबी माझ्यामुळंच फुटला. वृषभदादाच्या वर्कशॉपचंबी नाव घेतलं, त्याचीबी माफी मागतो. चूक माझी. एकटीची.”

“ऐकलं,” त्रिशला म्हणाली. तेवढंच.

सरांनी घड्याळ बघितलं. “मग आता? त्रिशलाची सायकल बाद. तिची मागच्या रविवारची वेळ धरू आणि संयोगिता आज चढेल. चालेल?”

“न्हाय चालणार सर,” संयोगिता म्हणाली. “तिच्या त्या चाचणीलाबी दांडा फुटकाच होता. माझी सायकल हाय की. नवा क्रँक बसवलाय, नाव न्हाय काय न्हाय. आधी ती चढू दे. टेम्पोतनं सायकल खाली आणा, मग मी चढतो. एकच सायकल, दोन वेळा. कुणाला तक्रार करायला जागा न्हाय.”

सहाजणींत कुजबुज झाली. सरांनी त्रिशलाकडे बघितलं.

त्रिशला उठली. संयोगिताच्या सायकलभोवती एक चक्कर मारली, डोळे बारीक करून, जनावराच्या बाजारात म्हैस बघावी तशी. मग हात पुढं केला. “पाना दे.”

संयोगितानं पाना दिला. त्रिशलानं सीट आपल्या उंचीला वर केली आणि स्वतः आवळली. हँडल हलवून बघितलं. ब्रेकची तार ओढली. दोन्ही चाकं, दोन्ही पायडल, एकही बोल्ट तिनं सोडला नाही. जो घट्ट होता त्यालाही आणखी एकदा पाना लावला. आठवड्यापूर्वी हीच पोरगी संयोगिताच्या सायकलवर डोळे झाकून बसायची. संयोगितानं सायकल दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली.

“डिझेल उरलंय काय?” त्रिशलानं विचारलं.

“अर्धं झाकण.”

नव्या दांड्यावर तेल लागलं, पुसलं गेलं, खडू लागला. दोघी एकाच बाजूला, डोक्याला डोकं लागेल अशा वाकल्या. पांढरं. अजून पांढरं.

“निघायचं काय?” सर ओरडले.

“थांबा सर, अजून पाच मिनिटं,” त्रिशला त्या पांढऱ्यावरची नजर न काढता म्हणाली.

“थांबू की,” संयोगिता म्हणाली, आणि हँडल आणखी घट्ट धरलं.